सखल भाग म्हणजे काय?

वृंदा पाटणकर बाईंचा आठवीचा विज्ञानाचा अभ्यासक्रम नेहमी सगळ्यांच्या आधी संपायचा. अंबरनाथला कारखान्यांच्या वसाहतीलगत त्यांची शाळा होती. बाई प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायच्या, मुलं ती घोकायची आणि निकाल चांगला लागायचा. मग कुठले पालक तक्रार करणार?

२००६ साली शाळेत संगणक आले आणि ते शिकवायला विठ्ठलवाडीहून धम्मदीप उबाळे नावाचे तरुण सर येऊ लागले. एके दिवशी शिक्षकखोलीत ते बाईंना म्हणाले, "बाई, तो वायुगळतीचा धडा माझ्या तासाला द्या ना. मुलं कॉम्प्युटरवर त्याची चित्रकथा करतील. आपलीच वस्ती, आपलेच रस्ते आणि वाक्यं त्यांच्याच तोंडची."

"कॉमिक?" बाई हसल्या. "अहो सर, परीक्षेत कॉमिक विचारत नाहीत. आणि धडा झालाय माझा. सगळ्यांना तोंडपाठ आहे."

"पाठ केलेलं लिहिता येतं, बाई. पण चित्र काढायचं तर आधी समजावं लागतं."

बाईंना ते झोंबलं. व्हरांड्यातून प्रीती चालली होती. तिची आई गंगूबाई एका कारखान्यात पॅकिंगला जायची आणि मुलगी वर्गात पहिली यायची. बाईंनी तिला आत बोलावलं. "सांग गं, वायुगळती झाली तर काय करावं?"

प्रीतीने हात मागे बांधले आणि एका दमात म्हणून टाकलं, "वायुगळती झाल्यास नाकातोंडावर ओला रुमाल धरावा. हवेपेक्षा जड वायू सखल भागात साचतात, म्हणून सखल भाग टाळावा."

"शाब्बास!" बाईंनी सरांकडे पाहिलं. सर काही बोलले नाहीत. सहामाहीत हाच प्रश्न आला आणि बाईंनी प्रीतीला पैकीच्या पैकी गुण दिले.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि पलीकडच्या कारखान्यात टाकी फुटली. पिवळट धूर वस्तीकडे सरकू लागला. डोळे चुरचुरायला लागले, माणसं दिसेल त्या वाटेने पळू लागली. प्रीती आणि तिची मैत्रीण स्वप्नाली तेव्हा रस्त्यातच होत्या. प्रीतीला उत्तर आठवलं. बाटलीतलं पाणी ओतून तिने दोघींचे रुमाल भिजवले.

"स्वप्ने, नाल्यातून जाऊ. खाली वारा लागत नाही, घर पण जवळ पडेल," असं म्हणून ती भराभर खाली उतरली. स्वप्नालीला मात्र गर्दीने वर पुलाकडे रेटत नेलं.

धूर ओसरल्यावर लोकांना प्रीती नाल्यात सापडली. रुमाल तिने नाकावर घट्ट धरलेला होता.

बाई सांत्वनाला गेल्या तेव्हा गंगूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तिला येत होतं ना उत्तर? रोज मला म्हणून दाखवायची. मग खाली का उतरली ती?"

तो प्रश्न घेऊनच बाई घरी आल्या.

सोमवारी वर्गात त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. "सखल भाग म्हणजे काय? कोण सांगेल?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शेवटी प्रमोद चाचरत उठला. "मोकळा भाग असेल, बाई."

"अरे, सखल म्हणजे खोलगट! आजूबाजूपेक्षा खालची जागा! आपला नाला म्हणजे सखल भागच की!"

"नाल्याला आम्ही नालाच म्हणतो, बाई," स्वप्नाली उठून म्हणाली. "प्रीतीला पण माहीत नव्हतं. तुम्ही पाठ करा म्हणालात. विचारलं असतं तर ओरडला असतात."

पैकीच्या पैकी! त्या उत्तराला आपण पैकीच्या पैकी गुण दिले!

मधल्या सुट्टीत त्या संगणकाच्या खोलीत गेल्या. "सर, तुमचा तास हवाय मला. चुकलं माझं."

धम्मदीप सर खिन्नपणे म्हणाले, "मीही तेव्हा गप्प बसलो, बाई. भांडायला हवं होतं."

मुलं कामाला लागली. माउसने रेघा वाकड्या यायच्या, दुपारी वीज गेली की चित्र पुसलं जायचं. प्रमोदने धूर आभाळात चढवला, तेव्हा सरांनी विचारलं, "हा वायू जड आहे ना? मग वर कसा जाईल?" प्रमोदने तो खोडला आणि पावसाळ्यातल्या पाण्यासारखा नाल्यात काठोकाठ भरला. नाला काढायला स्वप्नाली आधी तयारच होईना. शेवटी तिनेच पुलापासून चाळीपर्यंतचं प्रत्येक वळण बरोबर काढलं. मराठी अक्षरं संगणकावर उमटत नव्हती, म्हणून बोलण्याचे फुगे कोरे ठेवून छापील कागदावर पेनाने भरले. 'अरे नीचे मत उतर, गॅस भरेली है! पुलावर चल, पुलावर!'

"पोर गेली आणि हे कार्टून काढतायत," असंही काही पालक बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. त्या स्वतः तो कागद घेऊन गंगूबाईंकडे गेल्या. गंगूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं आणि नाल्यावर बोट ठेवलं.

"इथं साचतो होय? पाण्यासारखा?"

"हो."

"हे तर मलाही कळलं, बाई." त्यांचं बोट नाल्यावरच होतं. "एवढंच होतं?"

बाईंनी हात जोडले. गंगूबाईंनी ते हात धरले नाहीत, की माफ केलं असंही म्हटलं नाही. कागद पुढे सरकवत म्हणाल्या, "आमच्या नळावर लावा हा. तिथं सगळी पोरं येतात."

वाचकहो, चित्रकथा म्हणजे पोरखेळ आणि संगणक म्हणजे शाळेची शोभा, असं आपल्यातले कितीतरी जण अजून मानतात. मुलाला उत्तर येतं का, एवढं विचारून आपण समाधान मानतो. ते त्याला कळलं का, हे पाहायला जास्त वेळ लागतो. त्याच्या हाती रंग द्यावे लागतात, त्याच्या भाषेत त्याला बोलू द्यावं लागतं. तो वेळ द्यायलाच हवा. प्रीतीच्या वर्गाला तो मिळाला. प्रीतीला मिळाला नाही.