दुहेरी वाकाची मान

पटर, म्हणजे गोल्फचा चेंडू भोकात ढकलायची काठी, घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग कंपनी, मग शेजाऱ्याकडे कोणता आहे ते. मान कोणी बघत नाही. दांडा आणि डोकं यांना जोडणारा जो छोटा तुकडा असतो, ती पटरची मान, आणि चेंडू भोकात पडणार की बाजूने निघून जाणार हे बरंचसं तिच्यावर असतं. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. म्हणून हल्ली मी बोलतच नाही. दांडा आडवा धरून बोटावर तोलतो. डोक्याचं टोक जमिनीकडे लोंबलं, तर तो पटर दार उघडावं-मिटावं तसं मनगट फिरवत मारणाऱ्याचा. तोंड छताकडे करून सपाट राहिला, तर सरळ मागे-पुढे नेणाऱ्याचा. ज्याचा जसा हात, त्याला तशी मान. हात सुधारायच्या भानगडीत आपण पडायचं नाही.

माझा दादा दारासारखा मारायचा. गोल्फच्या मैदानावर तो शिकवतो. सरळ मारणाऱ्यांना "इस्त्री फिरवताय का?" म्हणून छळायचा. बुटक्या तिरक्या मानेचा, टोक पार खाली लोंबणारा पटर त्याने लग्नाच्या आधीपासून वापरला. वहिनी म्हणायची, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त जपतात. मलाही त्यानेच शिकवलं, म्हणून माझाही हात तसाच.

गेल्या थंडीत तो पहिल्यांदा तक्रार घेऊन आला. चेंडू उजवीकडे जातात म्हणे, पटर बिघडलाय. मी त्याला नळासारखी काटकोनात वळलेली मान असलेला पटर दिला, त्याचं टोक कमी लोंबतं. काही महिने बरे गेले. मग पुन्हा उजवीकडे. आज सकाळी मी दुकान उघडतोय तोच हा दारात, बगलेत दोन्ही पटर.

"दुहेरी वाकाची मान दे," तो म्हणाला. "सपाट राहते ती."

"इस्त्री?"

"इस्त्रीच." तो हसला नाही.

दुकानामागच्या खोलीत मी हिरवा गालिचा अंथरलाय आणि त्यावर खडूने सरळ रेघ मारलीय. त्याला आधी नळाच्या मानेचा पटर घेऊन उभं केलं आणि मी गुडघ्यावर बसून त्याचे हात बघू लागलो. मागे नेताना पटरचं तोंड नीट उघडलं. पुढे येताना मिटलंच नाही. उजवं मनगट अर्ध्यात थांबलं आणि चेंडू रेघ सोडून उजवीकडे गेला. असं अर्ध्यात थांबणारं मनगट आम्ही दोघांनी आधी पाहिलं होतं.

आमचे बाबा कुलपं दुरुस्त करायचे. एक दिवस त्यांच्या हातातली किल्ली फिरेना. त्यांनी कुलपात तेल घातलं. मग किल्ली घासली. मग नव्या किल्ल्या पाडल्या, आणि मग कुलपं बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. आम्हीही त्यांच्या हो ला हो करत राहिलो. आमच्या घरात दोष नेहमी हत्याराचा. नसांचा आजार आहे हे कळलं तेव्हा त्यांना घास उचलता येत नव्हता. हा आजार एका मुलाला होईल, दोघांना होईल किंवा कोणालाच होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

आत्ताही नाही काढला. दुहेरी वाकाची मान असलेला पटर खाली घेतला, शिकंज्यात, म्हणजे टेबलाच्या लोखंडी पकडीत, अडकवला आणि दादाच्या उंचीला दांडा कापला. शिकंजा आवळायचा दांडा हल्ली जाम होतो. तेल घालून झालं, तरी दोन्ही हातांनी ओढावा लागतो. दादा बघत होता.

नव्या पटरने त्याचा चेंडू रेघेवरून सुतात गेला. पुन्हा मारला, पुन्हा सरळ. या मानेला मनगट फिरवावंच लागत नाही, खांद्यातून हलवलं की काम होतं. एरवी असं गिऱ्हाईक खुशीत माझा हात सोडत नाही. मला मात्र पटर मोडून टाकावासा वाटला.

"डॉक्टरकडे जाऊ या," मी शेवटी म्हणालो.

"जाऊन आलो. बाबांचंच आहे." त्याने चेंडू पायाने जवळ ओढला. "तुझ्या वहिनीला अजून सांगितलं नाही."

मला रडू आवरेना. तो मला रडू देत उभा राहिला.

"मग पटर कशाला मागितलास?" मी विचारलं.

"पटरसाठी नाही आलो. मागच्या खेपेला तू शिकंजा दोन्ही हातांनी आवळत होतास. तेव्हापासून झोप नाही मला." त्याने आपला जुना, तिरक्या मानेचा पटर माझ्या हातात दिला. "आता तू उभा राहा रेघेवर."

"माझं काय काढलंस? मी ठणठणीत आहे."

"मार."

लहानपणी शिकवायचा त्याच आवाजात बोलला, म्हणून उभा राहिलो. मागे नेला, पुढे आणला. मला तर सगळं नेहमीसारखंच वाटलं. चेंडू निघाला तो सरळच, पण लगेच रेघ सुटली आणि तो उजवीकडे गालिच्याच्या काठाला जाऊन थांबला.

"रेघच तिरपी पडली असेल," मी म्हणालो.

त्याच रेघेवरून त्याचा चेंडू आत्ताच सरळ गेला होता. दादा शिकंज्यापाशी गेला आणि धड असलेल्या डाव्या हाताने, एका बोटाने, त्याने शिकंज्याचा दांडा ढकलला. दांडा गरगर फिरला.

"बाबांच्या किल्ल्याही चांगल्याच होत्या," तो म्हणाला.