मान खाली, काम चोख

शिवणकारखान्याच्या तपासणी खोलीतली टेबलं मुद्दाम बुटकी ठेवली होती. मुकादमबाईंना दारातून सगळ्या बायकांची वाकलेली डोकी दिसायला हवीत, म्हणून! चोवीस जणी शर्टांचे सुटे दोरे कापत, चुकलेले टाके शोधत दिवसभर ओणव्या बसत. एखादं डोकं वर आलं की मुकादमबाईंची पट्टी टेबलावर आपटे. "मान खाली, काम चोख."

वाचकहो, या नियमाची मला चीड आहे आणि ती मी लपवणार नाही.

त्या खोलीत एकीचा हात इतका चपळ की तिला सगळ्या भिंगरी म्हणत. दोन वर्षं तिची मान दुखत होती. आधी काम सुटल्यावर दुखायची, मग सकाळी उठतानाच ठणका. सासूने शेक दिला. नवऱ्याने ओळखीच्या न्हाव्याकडे नेऊन मान कडाकडा मोडून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. तरी ही गप्प. बोलावं तर कामचुकार ठरायची भीती! शेवटी एका दुपारी तिच्या हातातून कात्री पडली. उचलायला गेली, तर बोटं मिटेनात.

दवाखान्यात व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी तिचे खांदे, दंड, पकड सगळं नीट तपासलं.

"मान कुणी मोडली?"

"न्हाव्याने."

"पुन्हा कुणाला हात लावू द्यायचा नाही. नस दबलेली दिसतेय. आजच्या आज मोठ्या डॉक्टरांना दाखवून जा, उद्यावर टाकू नकोस. आणि तुझं टेबल किती उंच आहे गं?"

भिंगरीने मांडीपाशी हात धरला. बाई भडकल्याच.

"म्हणजे तिथे आठ तास डोकं लोंबकळत ठेवायचं, आणि इथे मी व्यायाम शिकवत बसायचं? काम कोपराच्या उंचीला हवं. अर्ध्या तासाने उठायचं, खांदे मागे घ्यायचे, चार पावलं चालायचं. मलम चोळून टेबल उंच होत नाही!"

त्यांनी हे सगळं कारखान्यासाठी चिठ्ठीत लिहून दिलं. मुकादमबाईंनी चिठ्ठी न वाचताच घडी घातली.

"असल्या चिठ्ठ्या सगळ्याच आणतात. मी अठरा वर्षं अशीच बसले, मला काय धाड भरली? झेपत नसेल तर सोड काम."

घर तिच्या पगारावर चाललं होतं, आणि तो पगार ज्या हाताचा, तोच हात जात होता. भिंगरीचं डोकं फिरलं. मुकादमबाई कधी मान वर करत नाहीत, हे तिने केव्हाच हेरलं होतं.

"बाई, सगळ्यात वरच्या फळीवरच्या खोक्यावर काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा."

मुकादमबाईंनी हनुवटी उचलली, ती जराशी वर येऊन अडकली. टेबल धरून त्या कमरेतून मागे वाकल्या. तरी नजर मधल्या फळीच्या वर जाईना. चोवीस जणी बघत होत्या.

"किती वर्षं झाली?" भिंगरीने विचारलं.

"सहा," मुकादमबाई म्हणाल्या. "घरीसुद्धा कुणाला ठाऊक नाही. दुखतंय म्हटलं असतं तर मला मुकादम कुणी केलं असतं?"

"आणि म्हणून आता आम्हालाही तसंच करून ठेवताय?"

मुकादमबाई खाली बसल्या. मग त्यांनाही राग आला, पण भिंगरीचा नव्हे. चिठ्ठी उलगडून वाचली आणि तडक मालकांच्या खोलीत गेल्या. "टेबलं उंच केली तर डोकी कशी दिसणार?" मालकांनी विचारलं. "डोकी कशाला बघता, शर्ट बघा," त्या म्हणाल्या. "आणि टेबलं उंच होईपर्यंत मीही कामाला बसणार नाही."

आठवड्याभरात टेबलांच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले. दर अर्ध्या तासाला "उठा गं" म्हणायचं काम मुकादमबाईंनी स्वतःकडे घेतलं. भिंगरीची पकड तीन महिन्यांनी परत आली, करंगळी मात्र अजून बधिर आहे.

मंडळी, सोसणाऱ्याला शाबासकी देणं आता बंद करा. तुमच्या घरात ओट्याशी, कचेरीत संगणकापुढे कोण मान चोळत बसलंय, त्याला आज विचारा. दुखणं वेळेवर सांगणारा माणूस स्वतःला आणि शेजारच्यालाही वाचवतो.

मुकादमबाईंची मान काही पूर्ण सुटली नाही. उपचाराला सहा वर्षं उशीर झाला होता. नव्या मुली कामाला आल्या की त्या टेबलाची उंची आधी जुळवतात आणि सांगतात, "दुखलं तर पहिल्याच दिवशी माझ्याकडे यायचं. मी कुणाकडेच गेले नाही."