आठ हजार मील

चिलीतल्या सान्तियागोहून स्वीडनमधल्या उमेओला पोहोचायला मला सव्वा दिवस लागला. त्या सव्वा दिवसात कधीतरी, माझं विमान समुद्रावर असताना, आई गेली. स्टॉकहोमला उतरून फोन सुरू केला तेव्हा कळलं.

उमेओच्या विमानतळाबाहेर पप्पा कानटोपी घालून उभे होते. माझी बॅग उचलून म्हणाले, "एवढीशीच? राहायचा विचार नाही वाटतं."

तिथून घर आठ मील. आमच्याकडचा मील दहा किलोमीटरचा. पप्पांनी जन्मभर लाकडं वाहणारा ट्रक चालवला, त्यांना दुसरं माप सुचत नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती होत्या आणि त्यांवर मार्चचं ऊन. मी थर्मासमधली कॉफी त्यांना ओतून दिली.

"आधी का नाही कळवलंत?" मी विचारलं. "पंधरवडाभर ती अंथरुणात होती. मी आले असते."

"तीच नको म्हणाली. एवढ्या लांबून पोरीला कुठे पळवायचं, म्हणाली."

"लांब काय, पप्पा. एका दिवसाचा तर प्रवास."

पुढे बर्फ सारणारी गाडी चालली होती. पप्पांनी तिच्यामागे वेग कमी केला.

"तिच्या हिशेबानं आठ हजार मील होते."

"आठ हजार?"

"तू तिकडे गेलीस ना, तेव्हा वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर तिनं शोधलं. पान इंग्रजीत. आठ हजार शंभर मैल. त्यांचे ते तोकडे मैल, हिनं आपले धरले."

"म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या." मला हसू आलं. "तुम्हाला तर कळलं असेल. आपले तेराशेच होतात."

"लगेच कळलं."

"मग चार वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत?"

कॉफीचा घोट घेऊन पप्पांनी कप माझ्या हातात दिला. "दर मिडसमरला, जूनच्या सणाला, बाहेर टेबल मांडलं, मासे-बटाटे आले, की सोल्वेग विचारणारच. शेजारीण ती, तिला काय. 'काय गं, लेक याही वर्षी नाही?' तुझी आई ताठ मानेनं सांगायची, 'आठ हजार मील आहेत, बाई. कशी येईल ती?' आणि सगळ्यांना वाढायला लागायची." त्यांनी कानटोपी मागे सारली. "मी तेराशे म्हटलं असतं, तर काय सांगितलं असतं तिनं? सोल्वेगचं सोड. स्वतःला?"

मी कपाचं झाकण लावलं. ते दोनदा वाकडं बसलं.

"झोप हवी तर, तूवा बाळा," पप्पा म्हणाले. "अजून तीन मील आहेत."

पुढची गाडी जंगलाच्या फाट्यावर वळली. रस्ता मोकळा झाला. पप्पांनी वेग वाढवला नाही, आणि मीही वाढवा म्हटलं नाही.