बातम्यांच्या बाईचा घसा

खंडेनवमीला अण्णांच्या घरी पूजेला हत्यारं दोनच, विळी आणि पक्कड. तिसरा मान टीव्हीला जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा. साखर कारखान्यात कारकुनी करणारा माणूस, दुसरं काय पूजणार? हळदकुंकू मात्र तो सढळ हातानं वाही.

अण्णा गेले, आणि दिवसकार्य आटोपताच धाकट्या कल्याणनं भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला.

"स्पीकर फाटलेत, ताई. बातम्यांची बाई बोलतीय का चरकात ऊस घातलाय, कळत न्हाई."

"स्पीकरला काय धाड भरलीय," आई म्हणाली. "तिचा घसा बसलाय. ज्येष्ठमध धर म्हणून सांगायला ह्यांनी चॅनेलला फोनबी केल्ता."

थोरल्या राजेश्वरीला हसू आलं. पाठोपाठ दुसरंही काही यायला लागलं, म्हणून ती घाईनं अ‍ॅम्प्लिफायरपुढे उकिडवी बसली. अण्णांच्या मागे घरात आवाज करणारी ही एवढीच वस्तू उरली होती. ती टेम्पोत जाऊ द्यायची नव्हती.

आवाजाचं बटण जरा फिरवलं, तर पापडाचा डबा उपडा झाल्यासारखी खरखर. म्हणून अण्णांनी ते कधी हलवलंच नव्हतं. ते तळाशी ठेवून सगळी कसर सेटटॉप बॉक्सवर काढली होती. पडद्यावरच्या हिरव्या रेघा पार टोकाला भिडलेल्या. बॉक्स जीव खाऊन ओरडत होता, आणि तो फाटका आवाज अ‍ॅम्प्लिफायर हळूच पुढे सारत होता. स्पीकर बिचारे निरपराध.

तिनं बटण उपसलं. मागच्या फटीत कुंकूच कुंकू.

"फुंकू नको. देवाचं हाय," आईनं बजावलं.

मग ब्रशनं ते बशीत गोळा करणं आलं. भंगारवाला दारात येऊन थबकला. "पूजा चाललीय का? मंग येतो मागनं."

"बसा," आई म्हणाली.

फटीत स्पिरिटचे दोन थेंब सोडून राजेश्वरीनं बटणाचा दांडा मागेपुढे फिरवला. खरखर विरली. बटण परत बसवलं, बॉक्सचा आवाज खाली आणला आणि अ‍ॅम्प्लिफायरचा वर नेला.

"अहिल्यानगर जिल्ह्यात हवामान कोरडं राहील," बाई म्हणाली. स्वच्छ, गोड गळ्यानं.

भंगारवाल्यानं हवामान पुरतं ऐकून घेतलं. आई उठली, अण्णांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, ऐकलं का? बरी झाली बाई."

कल्याण खाकरला. "मामा, चला, मागं जुना कूलर हाय."

बशीतलं कुंकू राजेश्वरीनं अ‍ॅम्प्लिफायरला लावलं. या खेपेला कपाळावर, कानात नाही.