पवनदादाची हत्यारं

कारखान्यातून बाद झालेली कामगारांची एक बस ज्योत्स्ना आणि तिचा थोरला भाऊ पवन यांनी वडिलांकडून मिळालेले पैसे निम्मे-निम्मे घालून विकत घेतली. आत पलंग, ओटा, पंखे बसवायचे आणि लोणावळ्याला फिरायला येणाऱ्यांना ती राहायला भाड्याने द्यायची, असा बेत होता. हत्यारांसाठी चाळीस हजार बाजूला काढले आणि खरेदी पवनवर सोपवली. चुकलं ते इथंच.

ज्योत्स्ना बँकेतून कुसगावच्या घरी आली तेव्हा अंगणात खोक्यांची रास पडली होती. वेल्डिंगचं मशीन, टेबलावर बसवायची करवत, चामड्याचे हातमोजे. पवन काळं हेल्मेट घालून स्वतःचे फोटो काढत होता.

"साधं ड्रिल कुठंय, दादा?"

"ते किरकोळ आहे गं. पुढच्या महिन्यात घेऊ."

पलंगाच्या प्लायवूडचे पैसेही या खरेदीत गेले होते. त्यात हे मशीन घरच्या विजेवर चालणारच नव्हतं. यावर पवनचं म्हणणं, जनरेटर घेऊ. ज्योत्स्नाने मशीन आणि करवत विकायला काढली.

कामशेतला ग्रिलचं वर्कशॉप असलेला हौशीराम टेम्पो घेऊन आला. पवन त्यालाच वेल्डिंग शिकवायला लागला.

"तुमी चालवलंय व्हय हे?"

"रोज."

"मंग जुनंच की. दोन हजार कमी करा."

ज्योत्स्ना दादाकडे बघत राहिली. त्याने आता तरी खरं बोलावं. तो टेम्पोचं टायर न्याहाळत होता.

"हात लावलेला नाही त्याने, भाऊ," ती म्हणाली. "वायरवरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नाही, बघा."

पैसे पुरे मिळाले. त्याच पैशांत हौशीरामने पलंगाचा सांगाडा आणि ओटा करून दिला. पवन आठवडाभर बहिणीशी बोलला नाही. तिला बरंच वाटलं.

दिवाळीनंतर पहिलं गिऱ्हाईक आलं, ठाण्याचं जोडपं. बस वडिवळे धरणाजवळ उभी केली होती.

"हे सगळं तुम्ही स्वतः केलंत?" बाईंनी कौतुकाने विचारलं.

पवनने बहिणीकडे चोरून पाहिलं. "वेल्डिंगसकट," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याबरोबर फोटो काढला आणि खूश होऊन मुक्काम एका रात्रीने वाढवला. ज्योत्स्नाने गुमान जादा भाडं घेतलं. थापा मारून का होईना, दादा आयुष्यात पहिल्यांदा कमावत होता.