मल्हारीमामांच्या घरातलं मशीन

मी गायगर काउंटर बोलतोय. बोलतोय म्हणजे टिकटिकतोय. दुसरं काही मला जन्मात आलं नाही. काही वस्तूंमधून बारीक किरणं निघत असतात. ती दिसत नाहीत, त्यांना वासही नसतो. असं एखादं किरण माझ्या नळीत शिरलं की मी एकदा टिक करतो. आकाशातून, जमिनीतून थोडी किरणं येतच असतात, त्यामुळं मी कधी अगदी गप्प नसतो; अधूनमधून एखादी टिक चालूच असते. जिथं किरणं जास्त, तिथं मात्र मी कढईतल्या लाह्यांसारखा तडतडतो.

बाकी सगळ्याला मी ठार बहिरा आहे. हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही तरी लक्षात ठेवा.

पुण्यातल्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. मुलं परीक्षेपुरती माझ्याकडं यायची आणि मार्क मिळाले की ओळख विसरायची. पुढं माझी सुई अडकली, दुरुस्तीचा कंटाळा केला गेला, आणि मी अडगळीतून जुन्या बाजारातल्या फुटपाथवर आलो. तिथं शहाण्णव साली हनुमंतानं मला उचललं.

हनुमंत दौंडचा. कुरकुंभच्या एका कंपनीत मीटर दुरुस्त करायचा. त्यानं माझी सुई सोडवली, एका मेलेल्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर मला जोडला, आणि मग त्याला वेडच लागलं. पाळी संपली की मला खांद्याला अडकवायचं आणि कुठल्या वस्तूपाशी मी तडतडतो ते शोधत हिंडायचं. त्याची बायको सुषमा वैतागायची. कंपनीत मीटर बघता, सुट्टीलाही मीटरच बघता, एकदा माझ्या तोंडाकडं बघा, म्हणायची.

सोपानराव नावाचे रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड शेजारी राहायचे. त्यांच्या गजराच्या घड्याळाचे काटे रेडियमच्या रंगानं अंधारात हिरवे चमकायचे. त्याच्यापाशी मी असा तडतडलो की सोपानरावांनी अख्ख्या गल्लीला बोलावून ते ऐकवलं. ते माझे सुखाचे दिवस. लोक विचारायचे, बोअरला पाणी लागेल का सांगतं का हे? पुरलेलं सोनं सांगतं का? हनुमंत हसायचा. हे फक्त किरणं ऐकतं, दुसरं काही नाही, म्हणायचा. लोक मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला तेच विचारायचे. माणसांची ही खोड मला तेव्हा गमतीची वाटली होती.

शिरूरला मल्हारीमामा होते. नात्यानं कुणी नव्हेत, पण हनुमंताच्या वडिलांचे दोस्त, म्हणून मामा. वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या मिरवायच्या, त्या भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा. बत्तीच्या काचेत एक रेशमी जाळीची पिशवी लटकते, तिला मेंटल म्हणतात. तीच पेटून पांढरा लख्ख उजेड देते. मामा टाकी भरायचे, पंप मारायचे. मेंटल बांधायचं काम मात्र त्यांच्या बायकोचं, सरूबाईंचं. नवं मेंटल बांधायचं, गाठ मारायची आणि उरलेला दोरा दातांनी तोडायचा. लग्नसराईत हे दिवसभर चालायचं. मग जनरेटर आले, हॅलोजन आले, बत्त्या माळ्यावर गेल्या. आणि त्याच सुमाराला सरूबाईंच्या गालात आतून फोड आला. तो कधी भरलाच नाही. शेवटी त्यांना पेजसुद्धा गिळता येईना. त्या गेल्या.

त्यानंतर वर्षभरानं हनुमंत मला घेऊन मामांकडं गेला. चहा पिता पिता त्याला आठवलं की मेंटलच्या जाळीत थोरियम असतं, आणि थोरियमला मी तडतडतो. त्यानं माळ्यावरून मेंटलचा खोका काढला आणि मला त्याच्यावर धरलं. मी असा सुटलो की दारातली शेळी बिचकली. हनुमंताला लहान पोराएवढा आनंद झाला.

मामांनी विचारलं, हे काय? त्यानं आनंदाच्या भरात सगळं सांगितलं. मामा ऐकत राहिले. त्यांचा चहा निवला.

"हे तोंडात गेलं तर काय हुतं रं?"

हनुमंताच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच विरलं.

"सरू दोरा दातानं तोडायची," मामा म्हणाले. "मी बघत बसायचो."

हनुमंतानं परोपरीनं सांगितलं. हे अगदी थोडं असतं, त्यानं तसला फोड येत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, मिश्रीमुळं झालं म्हणून? तंबाखू तव्यावर काळी भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावून बसायचं, हे सरूबाईंचं जन्माचं व्यसन.

मामा उठले. कोनाड्यातली मिश्रीची डबी आणली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"मग हिला लाव तुजं मशीन."

हनुमंतानं लावलं. माझी नेहमीची एक टिक झाली, थोड्या वेळानं आणखी एक. बस्स.

"बघ, हिच्यात काय न्हाई," मामा म्हणाले. "मीच मारली तिला."

तंबाखूतलं विष मशीनला ऐकूच येत नाही, हे हनुमंत घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिला. पण माणसाच्या बोलण्यापुढं माझं तडतडणं खरं ठरलं. मामांनी बत्त्यांच्या काचा फोडल्या, टाक्या ठेचल्या आणि परसात खड्डा करून सगळं पुरलं. पुढं त्यांनी धसकाच घेतला. जेवायला वाढलं की ताट तसंच राहायचं. जो येईल त्याला सांगायचे, ती मेंटलं मीच आणून दिली होती तिच्या हातात. दीड वर्षात ते गेले. आपण बायकोला मारलं असं समजूनच गेले, आणि ते खोटं होतं. हे खोटं आहे असं मला ओरडून सांगायचं होतं, पण ओरडता येतं ते थोरियमसाठीच.

हनुमंतानं छंद सोडला. मला कपाटात टाकणार होता, तेवढ्यात मामांची मुलगी नकुशी पुढं आली. ती नवऱ्याला सोडून माहेरीच राहिलेली. मशीन माझ्यापाशी राहू द्या दादा, म्हणाली, आईसारखं परत कुणाचं होऊ नये. तो तिला नाही म्हणू शकला नाही. तेव्हापासून मी शिरूरला आहे. नकुशी मला भाजीवर धरते, पिठाच्या डब्यावर धरते, घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूवर धरते. मी सावकाश टिकटिकतो, आणि तिचा जीव भांड्यात पडतो.

ती मिश्री लावते. आईच्याच डबीतली. हनुमंत आला की हात जोडून सांगतो, सोड म्हणून. ती हसते, मला डबीवर धरते आणि म्हणते, "दादा, तुमचंच मशीन सांगतंय की."

आता दोन हजार चार साल चालू आहे. गेल्या दिवाळीपासून तिला तिखट सोसत नाही. गालात आतून पांढरा चट्टा आलाय. हनुमंताला तिनं सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती उंबऱ्यात बसते, माझी नळी गालाला लावते आणि कान देऊन ऐकते. एक टिक होते, जरा वेळानं दुसरी. "काय न्हाई," असं स्वतःशीच म्हणते आणि डबी उघडते. हल्ली ती मला जरा जास्त जोरानं दाबते, कारण गाल सुजलाय.

तुमच्यापैकी कुणी शिरूरकडं गेलात तर त्या घरी जरा थांबा. चहा घ्या, आणि तिला तोंड पूर्ण उघडून दाखवायला सांगा. तिला ते पुरतं उघडताच येणार नाही. मग तिला त्याच दिवशी पुण्याला डॉक्टरांकडं घेऊन जा. निघताना ती मला हातात घेऊन तुमच्यासमोर धरेल, बघा काही नाही म्हणेल. तेव्हा कृपा करून माझं ऐकू नका.