पाहणीपुरता पाळणा

या मित्रांनो, टेका जरा. एका शहाण्याची फजिती सांगतो. मी एक जुना सागवानी पाळणा आहे. भांडुपच्या एका बिस्किट कारखान्यात माझी उमर गेली. पण पहिली तीन वर्षं मी लेकराचं तोंड पाहिलं नाही.

साल बावन्न. कायदा होताच. पन्नासाहून जास्त बाया कामाला असतील, तर त्यांच्या पोरांसाठी खोली द्यायची, सांभाळायला बाई ठेवायची, आयांना पाजायला वेळ द्यायचा. मॅनेजर श्यामकांतरावांनी काय केलं? मला आणलं, हिरवा रंग फासला आणि माझ्यात फुटकी बिस्किटं भरली. कोटाला इस्त्री कडक, आत माणूस पोकळ. इन्स्पेक्टर येणार म्हटलं की बिस्किटं बाहेर, गोधडी आत. तो गेला की पुन्हा भुगा. मला माझ्याच रंगाची लाज वाटायची.

पॅकिंगला ल्युसी होती, तिथल्याच गावठाणातली. तिचं चार महिन्यांचं पोर, इग्नेशियस, टेबलाखाली खोक्यात निजायचं. ती पाजायला उठली की श्यामकांत म्हणायचा, "घरीच बस ना मग." नवरा आजारी, खाटेवर. घरी बसून कसं भागणार?

एक दिवस न कळवता नवाच इन्स्पेक्टर गेटवर आला. श्यामकांतची पळापळ. वरचा भुगा उपसला, गोधडी टाकली आणि ल्युसीचं पोर उचलून माझ्यात घातलं.

"रोज इथंच निजतं म्हण. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मला वाटलं, चला, एकदाचा कामी आलो. इन्स्पेक्टर साहेब आत आले, तोच पोर किंचाळलं. साहेबांनी त्याला उचललं, गोधडी बाजूला केली. खाली चुरा आणि मुंग्यांची रांग.

"चार महिन्यांचं पोर बिस्किटं खातं?"

"हुशार आहे, साहेब," श्यामकांत म्हणाला.

बाया पदराआड हसल्या. ल्युसी पोराच्या पाठीवरच्या मुंग्या झटकत होती.

"बाई, हे रोज इथंच निजतं?"

श्यामकांतनं डोळे वटारले. ती मुंग्या झटकतच म्हणाली,

"आज पयलाच दिवस, साहेब. रोज टेबलाखाली असतं. आनि हे सांगितलं म्हणून उद्या मला काढतील, तेबी लिवा."

साहेबांनी तेही लिहिलं. म्हणून तिला काढायची श्यामकांतची छाती झाली नाही. महिन्याभरात खोली मिळाली, पोरांना सांभाळायला कुंदाबाई आल्या. इग्नेशियसनं झोके घेऊन घेऊन माझ्या कड्या झिजवल्या. श्यामकांत दारावरून जाताना नाक मुरडायचा. मला नाक असतं तर मीही मुरडलं असतं.

आता म्हातारा झालो. एकच मागणं आहे, मित्रांनो. कुठल्या कारखान्यात असा चकचकीत पाळणा दिसला, तर कौतुक करत उभे राहू नका. गोधडीखाली हात घालून बघा.